नव्वदी ओलांडलेली मोटार

आपल्या घरची सायकल किती वर्षे टिकते? कोणी म्हणेल दहा, कोणी म्हणेल वीस. पण नव्वद वर्षे उलटली तरी रस्त्यावर धावणारी मोटार असते, असे सांगितले तर खरे वाटेल का? अशा मोटारी आहेत. त्यांतल्याच एकीची हकीकत आम्ही इथे सांगणार आहोत. तिचे नाव पॅकार्ड.

पॅकार्ड ही अमेरिकेतली मोटार. तिथे ओहायो प्रांतात वॉरन नावाचे गाव आहे. त्या गावी जेम्स आणि विल्यम पॅकार्ड हे दोघे भाऊ विजेचे दिवे तयार करीत. जेम्सने 1898 साली दुसऱ्या कारखान्याची एक मोटार विकत घेतली. ती सारखी बिघडे. जेम्सने मालकाला जाऊन तिचे दोष सांगितले. मालकाला राग आला. एवढे कळते तर तुम्हीच मोटार बनवून दाखवा, असे तो म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. जेम्सने ते मनावर घेतले. 1899 साली दोघा भावांची पहिली मोटार वॉरनच्या रस्त्यावर धावली. पुढे 1903 साली कारखाना डेट्रॉइट शहरात गेला.

आता दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, म्हणजे 1934 सालच्या सुमाराची पॅकार्ड पाहू. ही सेडान मोटार. सेडान म्हणजे चारी बाजूंनी बंद, पक्क्या छपराची गाडी. वजन अडीच टनांच्या आसपास. तोंडाशी पाणी थंड करणारी जाळी असते. तिच्या चौकटीचा वरचा आकार बैलाच्या जुवासारखा आहे. अमेरिकेतले लोकही त्याला बैलाचे जूच म्हणतात!

या मोटारीच्या यंत्रात बारा नळकांडी असत. नळकांड्यात पेट्रोलची वाफ पेटते. त्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो आणि चाक फिरते. मग बारा कशाला? उखळात एकटी बाई कांडू लागली, तर घाव थांबून थांबून पडतात. दोघीतिघी आळीपाळीने कांडू लागल्या, की घावाला घाव लागून येतो. तसेच इथे होते. बारा नळकांडी पाळीपाळीने काम करतात, म्हणून गाडीला हिसका बसत नाही.

अशी गाडी श्रीमंतांनीच घ्यावी. तिच्या किमतीत साध्या पाच-सहा मोटारी आल्या असत्या. पण तिच्यावरही वाईट दिवस आले. 1929 सालानंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. 1942 साली युद्धामुळे नव्या टायरांवर बंधन आले. लढाईसाठी लोखंड हवे होते. पेट्रोल फार पिणाऱ्या जुन्या गाड्या कोण पोसणार? कित्येक पॅकार्ड मोडीत गेल्या. काहींचा मागचा भाग कापला आणि बंद पडलेल्या गाड्या ओढायला त्यांना जुंपले.

मग काही गाड्या वाचल्या कशा? नशिबाने वाचल्या, असे म्हणून भागणार नाही. कोणीतरी त्यांची निगा राखली, म्हणून वाचल्या.

पहिला शत्रू ओल. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागली, की गंज चढतो. त्या काळी पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असे. ओलीने तो कुजतो. तेव्हा छप्पर कोरडे हवे.

दुसरा शत्रू थंडी. तिकडे हिवाळ्यात पाणी गोठते. गोठले की फुगते. यंत्रात पाणी राहिले तर जाड लोखंडालाही तडा जातो. म्हणून जाणता मालक हिवाळ्याआधी पाणी काढून टाकी.

तिसरा शत्रू उंदीर. लोकरीच्या गाद्या त्यांना फार आवडतात. हा शत्रू आपल्याही ओळखीचा आहे!

चौथा शत्रू म्हणजे नुसते पडून राहणे. पेट्रोल फार दिवस साठले, की डिंकासारखे चिकट होते. एकाच जागी भार पडून टायर चपटतात. म्हणून गाडी फार दिवस ठेवायची तर ठोकळ्यांवर उचलून ठेवतात. अधूनमधून ती बाहेर काढून चांगली तापेपर्यंत चालवावी लागते. पाच मिनिटे सुरू करून बंद केली तर उलट नुकसान होते. धुराच्या नळीत वाफेचे पाणी साचते आणि नळी आतून गंजते.

अशा गाडीला नवा झगझगीत रंग द्यावा का? कारागीर जुनी गाडी नव्यासारखी करू शकतो. पण मूळचा रंग एकदा खरवडला, की तो परत येत नाही. त्या वेळचा कारागीर रंग कसा देई, गादी कशी शिवी, हे मूळच्या गाडीवरच पाहायला मिळते. म्हणून जिचा रंग थोडा विटला आहे, पण मूळचाच आहे, अशा गाडीला आज निराळा मान मिळतो.

आणि पॅकार्डचा कारखाना? डेट्रॉइटमधले काम 1956 साली थांबले. 1958 नंतर पॅकार्ड नावाची मोटार निघालीच नाही. पण तिथून निघालेल्या काही गाड्या आजही चालतात. वॉरन गावी त्यांचे संग्रहालय आहे.

वस्तू करणारा ती एकदाच करतो. राखणाऱ्याला मात्र रोज हात लावावा लागतो. अडीच टनांच्या मोटारीला जो नियम, तोच आपल्या नांगराच्या फाळाला आणि विहिरीवरच्या पंपाला. काम झाले की माती पुसावी, तेलाचा हात फिरवावा, कोरड्या जागी ठेवावे. याला पैसा फारसा लागत नाही. सवय लागते.