बासरीने पोट भरते काय?

अक्कलकोटच्या बाजारात काठीला बासऱ्या खोचून विकणारा आला की आमच्या वस्तीतली पोरे त्याच्यामागे लागतात. एखादा बासरी घेऊन घरी येतो. दोन दिवस कौतुक होते, तिसऱ्या दिवशी बाप विचारतो, "अरे, याने पोट भरणार काय?" बापाचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. रोजंदारीच्या घरात हा प्रश्न विचारावाच लागतो. वाचकहो, याच प्रश्नातून गेलेल्या एका कलावंताची हकिकत आज देत आहोत.

पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म १ जुलै १९३८ रोजी अलाहाबादला झाला. आई लहानपणीच गेली. वडील पहिलवान, पोराने कुस्ती करावी ही त्यांची इच्छा. पोरगा आखाड्यात जाई, पण संगीताचा रियाज मित्राच्या घरी, चोरून करी. पुढे भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे बासरी शिकला. आखाड्यात कमावलेला दमच फुंकेच्या कामी आला असावा, असे ते स्वतः सांगत.

पोटासाठी त्यांनी टायपिंग-शॉर्टहँड शिकून कारकुनीही केली. १९५७ साली कटकच्या आकाशवाणीत वादक म्हणून नोकरी लागली. बासरीला महिन्याचा पगार! पुढे बदली मुंबईला झाली आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत काम मिळू लागले. हे काम सोपे नव्हे. आपला तुकडा आला की नेमक्या मात्रेवर वाजवायचे, नाहीतर गप्प बसायचे. त्या काळी एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून!

इथे कोणीही म्हणाला असता, झाले भले. पण शिकणे अपुरे आहे ही टोचणी त्यांना होती. सूरबहारवादक अन्नपूर्णादेवी मुंबईत राहत. मैफली त्यांनी सोडून दिल्या होत्या. आधीचे सारे विसरायची तयारी असेल तरच शिकवीन, ही त्यांची अट. हरिप्रसादांनी तर उजवीकडे धरायची बासरी डावीकडे धरली! नाव झालेल्या वादकाने बोटे पुन्हा पहिल्या धड्यावर आणली. आम्हाला त्यांच्या पद्मविभूषणापेक्षा (२०००) हे मोठे वाटते.

नंतर ते स्वतः गुरू झाले. मुंबईत वृंदावन गुरुकुल काढले, २०१० साली भुवनेश्वरला दुसरे. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयातही शिकवले.

आता आकाशवाणीत वादकांना तशा कायम नोकऱ्या उरलेल्या नाहीत, हेही बापाला सांगायला हवे. पण पोराच्या हातची बासरी लगेच काढून घेऊ नका. टायपिंगचा क्लास आणि बासरी दोन्ही एकाच घरात चालले होते.