रेडरचा पावसाळा

आमच्याकडे कबड्डीचा सीझन कॅलेंडर नव्हे, शेत ठरवतं. सोयाबीन घरात आलं, कापसाची वेचणी सुरू झाली, थंडी पडली की गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा लागतात. मृग लागला की मैदान बंद. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाची काळी माती पावसात अशी चिकटते की चढाई सोडाच, चप्पलही पायात राहत नाही. संघातल्या निम्म्या मुली पेरणीला जातात, मग निंदणाला. जून ते सप्टेंबर कबड्डी नाही.

मी रेडर आहे. बरीच वर्षं हे चार महिने मी घरच्या कामात आणि थोड्या जोर-बैठकांत काढले. आता सायकल चालवते. शाळेत जायची ती वेगळी. ही गिअरची, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. आई म्हणाली, ‘‘शाळेत जायले सायकल घेऊन देल्ली तवा रडे, आता हौसेनं चालवून राहिली!’’ शेजारच्या काकूंना अजून वाटतं, मला कुठेतरी नोकरी लागली आहे आणि मी रोज तिकडे जाते.

कबड्डीवाल्याने सायकल कशाला चालवायची, हा प्रश्न रास्तच आहे. चढाईला तीस सेकंद मिळतात. महिलांचे डाव पंधरा-पंधरा मिनिटांचे, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. सगळा खेळ झटक्याचा. अशा झटक्याला स्नायू आपल्यातच साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट नावाचं इंधन वापरतात. पूर्ण जोर लावला तर ते दहाएक सेकंदांत संपत येतं. हे इंधन जळताना प्राणवायू लागत नाही, पण पुन्हा भरताना लागतो. म्हणजे दोन चढायांच्या मधे मी मागे उभी राहून धापा टाकते, तेव्हा हृदय आणि फुप्फुसं किती तयारीची आहेत यावर पुढची चढाई ठरते. दुसऱ्या डावाच्या शेवटी पाय उचलत नाहीत तेव्हा आपण ‘ताकद संपली’ म्हणतो. पुष्कळदा ताकद असते, भरपाई मंद झालेली असते.

ही भरपाई वाढवायला लांब, संथ, न थांबता केलेली मेहनत लागते आणि ती कबड्डीत कुठेच नाही. सायकलवर तास-दीड तास असं जायचं, की शेजारी कुणी असेल तर त्याच्याशी दोन वाक्यं धड बोलता यावीत. घड्याळ, मीटर काही लागत नाही. त्यातून हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. शिवाय गुडघ्याला सुट्टी मिळते. कबड्डीत गुडघा जातो तो बहुतेक वळताना, पाय रोवून अंग फिरवताना. सायकलवर तो एकाच रेषेत खालीवर होतो. मात्र सीट नीट हवी. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हावा, हा साधा हिशेब. आणि चढावर हट्टाने जड गिअर ओढायचा नाही. हलका गिअर, भराभर पाय.

सीझन नसताना दुसऱ्या मेहनतीने अंग राखायची ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये रस्त्यावरचे सायकलपटू हिवाळ्यात अंग गरम ठेवायला चिखलातून, शेतांतून सायकली हाकत आणि जिथे चालवणं शक्य नसेल तिथे खांद्यावर घेऊन पळत. त्यातून सायक्लोक्रॉस हा स्वतंत्र खेळच उभा राहिला. 1902 मध्ये त्याची राष्ट्रीय स्पर्धाही झाली. 1910 ची टूर द फ्रान्स जिंकणारा ऑक्ताव्ह लापीझ आपल्या यशाचं श्रेय या हिवाळी चिखलाला देत असे. मला हे वाचून हसू आलं, कारण आमच्या पांदणीने आषाढात जाणारा प्रत्येक माणूस हा खेळ खेळतोच. काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे भरते, चाक फिरायचं थांबतं, मग काडीने खरवडा नाहीतर सायकल खांद्यावर घ्या. मी आता मडगार्ड काढून टाकलेत. पाठीवर चिखलाचा पट्टा येतो, येऊ दे.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे. त्याची शर्यत स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत 3000 मीटर. नोव्हेंबर 2020 मध्ये, कोरोनाने मैदानी स्पर्धांचं वर्ष वाया गेलेलं असताना, तो दिल्लीत अर्धमॅरेथॉन धावला. 21 किलोमीटर, वेळ 1 तास 30 सेकंद. 61 मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. पुढच्याच मार्चमध्ये पतियाळात त्याने स्टीपलचेसमधला स्वतःचा राष्ट्रीय विक्रम 8:20.20 वर आणला. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. पण लांब पळाल्याने त्याचा वेग मेला नाही, एवढं तर दिसतं. आमच्याकडचे जुने खेळाडू अजून सांगतात, ‘‘सायकलनं रेडरचा झटका मरते बे.’’ फक्त सायकलच केली तर मरेलही. म्हणून मी आठवड्यात दोन दिवस घराच्या ओसरीत उड्या आणि छोटे स्टार्ट ठेवते.

नव्या खेळाचा खरा धोका वेगळाच आहे, आणि तो तयारीच्या खेळाडूलाच जास्त आहे. आमच्या संघात डाव्या कॉर्नरला खेळणाऱ्या मुलीने सायकलऐवजी पळणं धरलं. दम तिच्याकडे होताच, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात डांबरी रस्त्यावर लांब लांब पळाली आणि तिसऱ्या आठवड्यात नडगीला हात लावू देईना. दम लवकर वाढतो. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं मात्र नव्या भाराची सवय सावकाश करून घेतात, कारण कंडरेला रक्तपुरवठाच कमी. नवशिक्याला त्याची धाप थांबवते. खेळाडूला थांबवणारं कुणी नसतं. म्हणून छाती ‘आणखी’ म्हणत असतानाच परत फिरायचं. सायकलवर हा धोका थोडा कमी, पण तिचं एक उणंही आहे: तिथे उडी नाही, आदळणं नाही, त्यामुळे हाडांना कबड्डीसारखा भार मिळत नाही. नुसत्या सायकलवर चार महिने काढून थेट मैदानात उतरलं तर पहिल्या पकडीतच घोटा बोलतो.

त्यामुळे आमची सीमा पोळा. पोळ्यापर्यंत सायकल जास्त, पोळा झाला की आठवड्यातून एकदाच. मग बाजूची पावलं, एका पायावर उतरणं, बसून वळणं, आधी गवतावर अनवाणी आणि नंतर मॅटवर. कुणाची पकड घेणं अगदी शेवटी. डाव्या कॉर्नरला यंदा मी सायकलवर बसवलं आहे. तिचे पाय माझ्यापेक्षा आखूड आहेत, त्यामुळे दर वेळी सीट खाली-वर करावी लागते आणि त्यावरून आमची रोज भांडणं होतात.