परांची आणि पाया

घर बांधताना गवंड्याला परांची लागते. घर पुरे झाले की ती उतरवितात. पाया मात्र घर उभे आहे तोवर हलविता येत नाही. संगणकाच्या प्रोग्रामांनाही हा भेद लागू आहे. एक प्रोग्राम इतर अनेकांच्या आधाराने उभा असतो. त्यांपैकी काही आधार बांधणीपुरते, तर काही कायमचे.

पीएनजी जातीची चित्रे दाखविणारा, सी भाषेतील एखादा प्रोग्राम घ्या. तो बांधताना कंपायलर हवा आणि लिबपीएनजी या लायब्ररीच्या घोषणांच्या फायली हव्यात. प्रोग्राम तयार झाल्यावर या दोहोंची गरज संपते. परंतु चित्र उघडण्यासाठी ती लायब्ररी प्रत्येक वापरणाऱ्याच्या संगणकावर असावीच लागते.

म्हणूनच इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिलेल्या डेबियन प्रकल्पात आज या गरजा वेगवेगळ्या नोंदवितात. ‘बिल्ड-डिपेंड्स’मध्ये बांधणीच्या, ‘डिपेंड्स’मध्ये चालविण्याच्या. बांधणीचे साहित्य दुसऱ्या यादीत घातले, तर वापरणाऱ्याच्या माथी विनाकारण ओझे येते. उलट, खरी गरज नोंदवावयाची राहिली, तर कर्त्याच्या संगणकावर प्रोग्राम सुरळीत चालतो, कारण ती वस्तू तेथे आधीच असते. दुसऱ्याकडे मात्र तो अडतो. बांधणीच्या यादीतील अशी चूक सापडावी म्हणून डेबियनमध्ये पॅकेज कोऱ्या वातावरणात बांधतात. तेथे मूलभूत साधने आणि यादीत लिहिलेले साहित्य, एवढेच असते. यादी अपुरी असली की बहुधा बांधणीच थांबते.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील लॉग-फोर-जे या लायब्ररीत गंभीर दोष उघडकीस आला. त्याचा लाभ घेऊन दूरच्या माणसाला परक्या संगणकावर आपल्या आज्ञा चालविता येत. पुष्कळ प्रोग्रामांनी ती थेट घेतलेली नव्हती. दुसऱ्या पॅकेजांच्या आधारे ती आत आली होती. त्यामुळे ‘ती आपल्याकडे आहे काय?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच अनेक कचेऱ्यांचे दिवस गेले. ज्यांच्या याद्या पुऱ्या होत्या, त्यांना कोठे पाहावयाचे हे ठाऊक होते.

आपण कोणाच्या आधाराने उभे आहोत, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवण्यात कमीपणा नाही. संकटाच्या वेळी तेवढीच नोंद हाताशी असते.