जड पाणी आणि पानांचा चहा

परभणीजवळच्या पेडगावात चहा म्हणजे बहुतेक दाणेदार सीटीसी पूड, दूध-साखरेत खळखळून उकळलेली. दार्जिलिंग, निलगिरीची अख्खी पानं मात्र उकळू नयेत. कपाला चमचाभर पानं, वर नुकतं उकळलेलं पाणी, झाकण, तीन-चार मिनिटं आणि गाळणी. ग्रीन टीला ८० अंशांचं पाणी पुरे. उकळत्या पाण्यात तो कडवट होतो.

खरी अडचण पाण्याची. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे कोऱ्या चहावर तवंग धरतो, रंग काळवंडतो, सुगंध दबतो. आरओचं पाणी चालेल. ते नसेल तर लिंबाचे दोन थेंब पिळा, तवंग विरतो. पानं पूर्ण उलगडली पाहिजेत, म्हणून गाळणीच्या चिमुकल्या जाळीत ती कोंबू नका, ऐसपैस भांडं घ्या. आणि पहिला कप कोराच प्या.