आकडा खोडायचा नाही

डेल्फ्ट : नेदरलँड्स म्हटले की आपल्याला बांध आणि पवनचक्क्या आठवतात. पण इथल्या जुन्या शहरांतल्या घरांचा जीव जमिनीखालच्या पाण्यात असतो. अॅमस्टरडॅमचा राजवाडा 13,659 लाकडी खांबांवर उभा आहे आणि आसपासची साधी घरेही तशाच खांबांवर. खांब पाण्यात बुडालेले असतील तर शतकानुशतके टिकतात. पाणी त्यांच्या डोक्याखाली उतरले की हवा लागते, बुरशी धरते, घर खचू लागते. त्यामुळे भूजल वीतभर खाली गेले तरी इथे काळजी सुरू होते.

ही पातळी मोजण्यासाठी रस्त्याकडेच्या झाकणाखाली एक अरुंद प्लास्टिकचा पाइप असतो. त्यात तारेवर बोटभर दाबमापक टांगलेला. तासाला एक नोंद धरली तरी एका पाइपाचे वर्षाला 8,760 आकडे होतात. या यंत्राला पाण्यासोबत हवेचाही दाब जाणवतो, तो वजा करावा लागतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की पातळी सेंटीमीटरभर हलल्यासारखी दिसते. वजाबाकी चुकली तर मोठ्या वादळात पातळी तीस सेंटीमीटरने खोटीच वरखाली होईल. शिवाय तार घसरते, घड्याळ मागे पडते, पाणी उतरले की यंत्र कोरडेच लोंबकळते. म्हणून अधूनमधून माणूस टेप घेऊन जातोच. टेपच्या टोकाला खालून पोकळ असे धातूचे वजन असते. ते पाण्याला टेकताच ‘प्लॉप’ आवाज होतो आणि त्या क्षणी टेप वाचायचा. यंत्र खरे बोलते की नाही, हे या आकड्यावरून ठरते.

एवढे आकडे डोळ्यांखालून घालणे अशक्य, म्हणून पहिली चाळणी संगणक लावतो. एका रात्रीत पातळीने उडी मारली का? आठवडाभर रेष सपाट आहे का? टेपच्या आकड्याशी मेळ बसतो का? पुढची पायरी म्हणजे पाऊस आणि बाष्पीभवन यांवरून पातळी किती असायला हवी होती, याचे गणित. त्यासाठीची ‘पास्तास’ ही प्रणाली खुली आहे, कोणीही फुकट वापरावी.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचेच. संगणकाने संशय घेतला म्हणून इथे आकडा खोडत नाहीत, त्याला शेरा जोडतात. भूगर्भाच्या माहितीची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याचा कायदा 2018 पासून लागू आहे. त्या नोंदवहीत ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांच्या जोडीला ‘अनिर्णित’ असाही शेरा आहे. तो फार शहाणपणाचा आहे. आजवरच्या नीचांकाखालचे सगळे चूक, असा नियम केला असता तर 2018 च्या उन्हाळ्यात खरा दुष्काळच चूक म्हणून बाद झाला असता.

आपल्याकडे महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजल्या जातात. स्वयंचलित यंत्रेही बसू लागली आहेत. भारताच्या 1995 च्या हायड्रॉलॉजी प्रोजेक्टला डच सरकारचे तांत्रिक साह्य होते आणि त्यात महाराष्ट्र होता, म्हणजे ओळख जुनी. तरी संगणकी चाळणीच्या इथल्या मर्यादा जशाच्या तशा उचलू नयेत. डेल्फ्टच्या सपाट गाळात रात्रीतून मीटरभर घसरण संशयास्पद ठरेल, पण आपल्या काळ्या पाषाणात शेजारच्या विहिरीवर मोटर चालू झाली की तेवढे पाणी सहज उतरते. तेव्हा आपल्याकडे पातळीबरोबर मोटर कधी चालली याची नोंद हवी, आणि ती यंत्र बसवतानाच सुरू व्हायला हवी.