कोणत्या पाण्यात कोण राहते?



आपली ही व्याख्यानमाला भरते ती ऐन वैशाखात. या दिवसांत सह्याद्रीवरच्या एखाद्या सड्यावर जाऊन उभे राहा. पायाखाली तापलेला कातळ आणि त्याच्या खोलगट भागात धुळीचा पातळ थर, यापलीकडे दिसण्यासारखे काही नाही. पावसाळ्यात येथे डबके साचते, त्याची एवढीच खूण. पण आषाढात त्याच जागी परत या. पेलाभर पाणी उजेडाकडे धरा. दैव बरे असेल तर बोटाच्या पेराएवढे, जवळजवळ पारदर्शक प्राणी उताणे पोहताना दिसतील. पानांसारख्या पायांच्या अकरा जोड्या एकामागून एक हलत असतात, जणू वाऱ्याने शेत डोलावे! हे आले कोठून? पावसाबरोबर ते पडले नाहीत. वैशाखातल्या त्या धुळीतच ते होते, अंड्यांच्या रूपाने.

हा प्राणी खेकड्याच्या आणि कोळंबीच्या गोत्रातला. इंग्रजीत त्याला परी-कोळंबी अशा अर्थाचे नाव आहे. खेकडा ताटात येतो म्हणून आपल्या ओळखीचा. परंतु या कवचधारी गोत्रातले त्याचे कितीतरी नातलग मोहरीपेक्षाही लहान आहेत. डॅफ्निया पिसवेसारखी झटके देत पोहते आणि पाण्यातले शेवाळाचे कण गाळून खाते. सायक्लॉप्सला कपाळाच्या मधोमध एकच डोळा. म्हणून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले. मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतात. ऑस्ट्राकॉड हा इवल्या शिंपल्यासारखा, दोन शकलांच्या आत राहून गाळावर रांगणारा. डॅफ्नियाच्या गणात जगभर सुमारे ६२० जाती मोजल्या गेल्या. सायक्लॉप्सच्या गटातल्या गोड्या पाण्यातल्या जाती सुमारे २८०० आहेत.

आता आपला प्रश्न. एवढ्या जाती असताना कोणत्या पाण्यात कोण राहील, हे ठरवते कोण? पहिला अधिकारी म्हणजे मासा. परी-कोळंबीला ना कवच, ना लपण्याची कला. मासा असलेल्या तळ्यात तिचा टिकाव लागत नाही. म्हणून जे पाणी दोन-चार महिन्यांत आटते आणि म्हणूनच जेथे मासा राहू शकत नाही, तेच तिचे माहेर. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या क्रिस्टल सरोवराची हकीकत प्रसिद्ध आहे. १९४२ साली तेथे मोठ्या आकाराचे कवचधारी जीव मुबलक होते. पुढे त्या पाण्यात हेरिंगच्या कुळातला एक मासा शिरला. १९६४ साली पाहिले, तर मोठ्या जाती जवळजवळ नाहीशा झालेल्या आणि लहान जातींचे राज्य सुरू झालेले. पाणी तेच, वस्ती मात्र बदलली. दुसरा अधिकारी म्हणजे पाण्याचा टिकाऊपणा, आणि तिसरा त्याचा प्रवाह. वाहत्या धारेत हे दुबळे पोहणारे ठरत नाहीत. जमिनीखालच्या झऱ्यांत तर डोळे आणि रंग दोन्ही गमावलेल्या जाती सापडतात.

पाणी आटल्यावर काय? परी-कोळंबीची अंडी कोरडी पडूनही जिवंत राहतात. डॅफ्नियाच्या माद्या सुगीच्या काळात नरावाचूनच पिलांना जन्म देतात. दिवस वाईट येऊ लागले म्हणजे नर उपजतात, आणि मग खोगिराच्या आकाराच्या कवचात जाड सालीची अंडी ठेवली जातात. पहिल्या पावसाला ही सगळी अंडी फुटत नाहीत. आपला जुना शेतकरी पहिल्याच सरीला सगळे बी टाकत नव्हता. पाऊस दडी मारील, ही धास्ती त्याला असे. येथेही काही अंडी पुढच्या वर्षासाठी, काही त्याच्याही पुढच्यासाठी शिलकीत राहतात. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधील एका तळ्याच्या गाळातून काढलेली अशा एका जीवाची अंडी तीनशे वर्षांनंतरही उबली, असे १९९५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे तळ्याचा गाळ ही पिढ्यान्‌पिढ्यांची पेढीच म्हणावयाची.

ही अंडी वाऱ्यावर उडतात, बदकांच्या पायांना चिकटून दूर जातात. त्यावरून पुष्कळ काळ असा समज होता की, हे जीव सगळीकडे सारखेच. युरोपातल्या ग्रंथात चित्र पाहावे आणि आपल्या तळ्यातल्या जीवाला तेच नाव द्यावे. डेव्हिड फ्राय या अमेरिकन संशोधकाने १९८० नंतरच्या दशकात हा समज मोडून काढला. बारकाईने पाहता एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या निघाल्या. अंडे प्रवास करते हे खरे. पण पोहोचणे वेगळे आणि नांदणे वेगळे. आपल्याच सह्याद्रीतील परी-कोळंबीची एक जात शास्त्राला २०१४ साली नव्याने कळली. तिचे नाव स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस.

या नावांशी आम्हाला काय करावयाचे, असे कोणी विचारील. आपल्यातल्या वृद्धांनी त्याचे उत्तर डोळ्यांनी पाहिले आहे. नारू आठवतो ना? पायाला फोड येई, त्यातून हातभर लांबीचा पांढरा दोरा निघे, आणि तो काडीला गुंडाळत दिवसामागून दिवस काढावे लागत. १८७० साली फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, नारूची पिले सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात आणि पाण्याबरोबर आपण तो गिळतो. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, फोड पाण्यात बुडे, पिले बाहेर पडत. सायक्लॉप्सचे घर कोणते हे कळले तेव्हा उपायही कळला: पाणी फडक्यातून गाळणे, पायऱ्यांची विहीर बंद करून रहाटाची करणे, कूपनलिका देणे. लस नाही, औषध नाही. केवळ ओळखीच्या बळावर भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

ओळख असली म्हणजे एवढे साधते. नसली म्हणजे काय होते, तेही सड्यावर दिसते. वैशाखात पाहणारा त्या कातळाला पडीक म्हणतो. मग तेथे खाण निघते, बंगला होतो, पवनचक्कीकडे रस्ता जातो, आणि रस्त्याखाली ती मूठभर धूळ कायमची गाडली जाते. तळे बुजले तर दुसरे खणता येईल. त्या धुळीतली शिल्लक मात्र परत जमा करता येत नाही. शिवाय जी जात मोजक्याच पठारांवर नांदते, तिची भर घालायला बदक तरी कोठून येणार?

म्हणून श्रोत्यांना माझी एकच विनंती आहे. येत्या पावसाळ्यात सड्यावर फुले पाहायला जाल, तेव्हा मोटार डबक्यात घालू नका. काठाशी थोडे वाकून पाहा, आणि बरोबरच्या मुलालाही दाखवा. पाहिलेल्या जागेला पडीक म्हणणे मग त्याला जमणार नाही.