दहा हेलकाव्यांत निकाल

घाटात चौथा गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबला की जुन्या पेट्रोल गाड्या बॉनेटखालून एक खास आवाज काढायच्या. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. शेजारी बसलेलं कुणी जाणतं माणूस लगेच म्हणायचं, "नॉकिंग होतंय, गिअर खाली घे." त्या काळी नॉक सेन्सर म्हणजे शेजारच्या सीटवरचा हा कान, आणि गाड्या त्याच्यावर वर्षानुवर्षं निभावल्या. म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन उचलून आपल्या गाडीत बसवणारा जेव्हा विचारतो, की बाकी सगळं जोडलं, एक नॉक सेन्सर तेवढा मेलाय, राहू देऊ का, तेव्हा तो काही वेडगळ प्रश्न विचारत नसतो. फक्त उत्तर द्यायला आकड्यांत शिरावं लागतं आणि तिथे डोकं गरगरतं.

उदाहरण अमेरिकेतलं घेतो, कारण या छंदाचं माहेर तिथेच. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ हे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन आणलं. पाठोपाठ त्याच घराण्यातली लोखंडी ब्लॉकची ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची भावंडं पिकअप ट्रकांत आली. भंगारात गेलेल्या ट्रकमधून ५.३ काढायचं आणि माझदाच्या इवल्याशा मिआटापासून चौकोनी व्होल्वोपर्यंत हाताला लागेल त्या गाडीत घुसवायचं, हा तिथे जवळजवळ गृहोद्योग आहे. या इंजिनाचे दोन नॉक सेन्सर व्हीच्या खोबणीत, इनटेक मॅनिफोल्डच्या पोटाखाली बसवलेले. खोबणीत पाणी साचतं, सेन्सर गंजतो आणि बदलायचा तर वरचं सगळं उघडावं लागतं. 'राहू देऊ का' हा प्रश्न इथून जन्मतो. आळसातून म्हणा हवं तर.

आता हे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर धरू. म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. आठ सिलिंडर मिळून ४००. डोळ्याचं पातं लवायला सेकंदाचा दहावा भाग धरला, तरी तेवढ्यात ४० ज्वलनं उरकलेली असतात. आणखी एक हिशोब. गणितापुरतं धरा की गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन २००० फेऱ्यांवर आहे. किलोमीटरमागे ८००० ज्वलनं होतात. दोन लाख किलोमीटर चाललेल्या ट्रकमधलं इंजिन तुम्ही विकत आणता, तेव्हा त्याच्या पोटात १६० कोटी ज्वलनं होऊन गेलेली असतात. भारतातल्या माणशी एक वाटलं तरी उरतील.

मी मुद्दाम ज्वलन म्हणतोय. इंजिनात 'स्फोट' होतात असं आपण सर्रास बोलतो, पण निरोगी इंजिनात स्फोट होत नाही. ठिणगी पडते आणि ज्योत सरसरत पलीकडच्या भिंतीकडे जाते. पाच सेंटिमीटरला साधारण दीड मिलिसेकंद. हा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे एक्स्प्रेसवेवर चलन फाडून घेण्याइतकाच. गडबड होते ती ज्योत पोचायच्या आधी कोपऱ्यात अडकलेल्या मिश्रणाची. पुढून ज्योत दाबत येते, खालून पिस्टनने आधीच दाबलेलं असतं, भिंत गरम असते. ते मिश्रण ठिणगीची वाट न बघता स्वतःच एकदम पेटतं. स्फोट हा शब्द इथे शोभतो. त्यातून उठलेली दाबाची लाट तापलेल्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला साधारण ९५० मीटरने, सिलिंडरच्या भिंतींवर आपटत फिरते. हा वेग डेक्कन क्वीनला दिला तर मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटर साडेतीन मिनिटांच्या आत संपतील. चहाची ऑर्डर देईपर्यंत शिवाजीनगर.

ही लाट सूर लावून फिरते, आणि तो सूर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. व्यास मोठा तर सूर खाली. तबला आणि डग्ग्यात असतो तसाच हा मामला. एमआयटीतल्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९३० च्या दशकात त्याचं गणित मांडलं. ५.३ चा सिलिंडर ९६ मिलिमीटरचा, त्याचा सूर येतो सुमारे ६००० हर्ट्झ. पियानोची अगदी उजवीकडची शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्झवर वाजते, म्हणजे हा तिच्याही वर. होंडाच्या बी मालिकेतल्या इंजिनाचा सिलिंडर ८१ मिलिमीटरचा, तो गातो ७००० च्या जवळ. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

निरोगी ज्वलनात दाब ६० बारपर्यंत जातो असं धरलं, तर ९६ मिलिमीटरच्या पिस्टनवर साडेचार टनांच्या आसपास भार पडतो. एक पूर्ण वाढलेला हत्ती, सेकंदाला ५० वेळा, आणि तोही अर्धा किलो वजनाच्याही आतल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर. नॉकिंगचे कडाके याच्यावर आणखी चढतात. तरी खरा घात उष्णतेने होतो. आतला वायू २००० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. पिस्टन वाचतो तो पाण्याने आणि ऑइलने उष्णता ओढून नेल्यामुळे, आणि त्याच्या अंगाला चिकटून राहिलेल्या वायूच्या मिलिमीटरभराहून पातळ थरामुळे. नॉकिंगची लाट नेमका हाच थर खरवडून टाकते. मग पिस्टनच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसायला लागतात.

आता सेन्सर. आतला माल जुनाच: दाबलं की वीज देणारा स्फटिक, क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलेला. मोटारीत नॉकिंग ऐकायचं काम सेन्सरकडे १९७८ मध्ये ब्यूकच्या टर्बो व्ही-६ ने सोपवलं होतं. बॉशच्या चपट्या सेन्सरचं उत्तर किती मोठं? गुरुत्वाकर्षणाएवढ्या त्वरणाला २६ मिलिव्होल्टच्या आसपास. घड्याळातल्या सेलच्या पन्नासाव्या भागाइतकंही नाही.

आणि ऐकायला वेळ किती? ६००० फेऱ्यांवर क्रँक एक अंश फिरायला २८ मायक्रोसेकंद लागतात. नॉकिंग व्हायचं तर पिस्टन वरून खाली निघाल्यानंतरच्या साधारण ६० अंशांत होतं. कॉम्प्युटर तेवढीच खिडकी उघडतो: १.७ मिलिसेकंद. ६००० हर्ट्झचा सूर एवढ्या वेळात दहा हेलकावे खातो. फक्त दहा. व्हॉल्व्ह आपटतायत, पिस्टन थडथडतायत, इंजेक्टर टिकटिकतायत, आणि या बाजारात दहा हेलकाव्यांवरून ठरवायचं की हा आवाज कुणाचा. हे सेकंदाला ४०० वेळा. गुन्हा ठरला तर ठिणगी काही अंश उशिरा टाकायची, मग हळूहळू परत पुढे सरकायचं. घाटातल्या त्या जाणत्या माणसाला पहिला टर्रर्र ऐकून तोंड उघडेपर्यंत एक सेकंद गेला असेल, तर तेवढ्यात चारशे निकाल लागून गेले.

मग सेन्सर हवा की नको? इंजिनाला स्वतःला तो लागत नाही. त्याच ५.३ वर कार्बुरेटर चढवून ठिणगीला वेगळा डबा लावणारे आहेत, त्यात सेन्सरला वायरसुद्धा नसते आणि गाडी मजेत चालते. होंडावाले तर १.८ लिटरचं इंटेग्राचं इंजिन सिव्हिकमध्ये घालून सिव्हिकचाच पी२८ हा कॉम्प्युटर नव्या चिपसह वापरतात, आणि त्या कॉम्प्युटरला नॉक सेन्सर ऐकायची सोयच नसते. ठिणगीचं टायमिंग नॉकिंगच्या कड्यापासून चार पावलं मागे ठेवलं, पेट्रोल नेहमी चांगलं भरलं, टर्बो लावला नाही, तर कान नसला तरी चालतं.

पण मूळ कॉम्प्युटर ठेवायचा असेल तर गोष्ट बदलते, कारण तो सेन्सर आहे असं धरून चालतो. जनरल मोटर्सच्या कॉम्प्युटरमध्ये ठिणगीच्या वेळांचे दोन तक्ते असतात, एक चांगल्या पेट्रोलसाठी, एक हलक्यासाठी, आणि सेन्सरच्या सांगण्यावरून तो त्यांच्या मधे कुठेतरी उभा राहतो. सेन्सर गेला की पी०३२७ किंवा पी०३३२ हा कोड लागतो आणि कॉम्प्युटर सावधगिरीने टायमिंग मागे खेचतो. इंजिन सुखरूप, पण ज्या ताकदीसाठी एवढी उलथापालथ केली तीच गुल. यावर काही जण सेन्सरच्या जागी रेझिस्टर लावतात, म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं कान शाबूत आहे. माझ्या मते ही सगळ्यात वाईट वाट. तुटलेला सेन्सर निदान ओरडून सांगतो; रेझिस्टर लावलेला कॉम्प्युटर 'सगळं शांत आहे' असं समजून कड्याच्या टोकावर जाऊन उभा राहतो.

चालू सेन्सरही उपद्रव देऊ शकतो. एका इंजिनाचा ब्लॉक आणि दुसऱ्याचा कॉम्प्युटर अशी जोडी लावली, तर ७००० च्या सुराला लावलेला कान ६००० चं गाणं ऐकत बसतो. मूळचं इंजिन किती आवाज करतं हेही कॉम्प्युटरला पाठ असतं. त्यात दणदणीत कॅमशाफ्ट घाला किंवा एक्झॉस्टचा पाइप चासीला घासू द्या, की तो नसलेलं नॉकिंग ऐकून ठिणगी मागे घेत राहतो. बसवणंसुद्धा नाजूक काम. साधारण २० न्यूटन-मीटर, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. खाली जास्तीचा वॉशर नको, आट्यांना सीलंट नको. ६००० हर्ट्झची थरथर त्या एका बोल्टातून पोचायची असते.

आपल्याकडे या सगळ्याच्या आधी आरटीओ उभा असतो; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर, मग बाकीची चर्चा. तो भाग आटोपला आणि मॅनिफोल्ड उघडलेलंच असेल, तर दोन्ही सेन्सर नवे घालून मोकळं व्हावं, परत उघडण्याची मजुरी सेन्सरपेक्षा महाग पडते. पूर्वीचे मेकॅनिक एक चाचणी करायचे: इंजिन चालू ठेवून ब्लॉकवर पान्याने टकटक करायची आणि टायमिंग लाइटमध्ये खूण मागे सरकते का बघायचं. आताचा कॉम्प्युटर खिडकी बंद असताना केलेली टकटक ऐकतच नाही. त्यामुळे स्कॅनर लावून गाडी चढावर घ्यावी लागते, पुढचा रस्त्यावर डोळे ठेवून, शेजारचा 'नॉक रिटार्ड'च्या, म्हणजे ठिणगी किती अंश मागे घेतली त्या आकड्यावर.